जालपटलाच्या विद्युत् आलेखातील निरोधन

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव अथवा कळमनुरी तालुक्यात रब्बीच्या दिवसांत विजेची पाळी रात्रीची आली, म्हणजे हरभऱ्याला व गव्हाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्यास अंधारातच घर सोडावे लागते. अमावास्येच्या रात्री हातातील बॅटरी विझवून तो काही वेळ स्वस्थ उभा राहिला, तर बांधाची कड, पाटातील पाण्याची रेघ आणि वाटेवर आडवे पडलेले काही असल्यास तेही त्यास हळूहळू दिसू लागते. दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी तोच मनुष्य त्याच डोळ्यांनी त्याच बांधावर काम करतो. निरभ्र रात्रीच्या तारकाप्रकाशाची दीप्ती सुमारे एक सहस्रांश लक्स व भर दुपारच्या उन्हाची सुमारे एक लक्ष लक्स धरली, तर या दोन अवस्थांत दहा कोटी पटींचे अंतर पडते. बाहुलीच्या आकुंचनाने प्रकाश फार तर सोळापट कमी होतो. दृक्तंत्रिकेचा एखादा तंतू सेकंदाला काही शेकड्यांपेक्षा अधिक स्पंद वाहून नेऊ शकत नाही. तेव्हा उरलेली सर्व तडजोड जालपटलासच करावी लागते, आणि ती उत्तेजनापेक्षा आवरण्याच्या, म्हणजेच निरोधनाच्या मार्गाने साधली जाते.

या विषयास एक व्यावहारिक बाजू आहे. जन्मापासून रात्री न दिसणारा मुलगा नेत्रतज्ज्ञाकडे आणला जातो. डोळ्याचा तळ तपासला असता त्यात विशेष दोष आढळत नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव असेल, तर तो उपचाराने भरून निघतो. या अभावाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्येच सुरू झाला होता. परंतु अभाव नसेल, तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे शलाकांचा क्रमाने ऱ्हास करणारा व पुढे दिवसाची दृष्टीही हिरावून घेणारा आनुवंशिक रोग. त्याच्या आरंभी तळ जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. दुसरी म्हणजे जन्मजात स्थिर रातांधळेपण. हे नावाप्रमाणेच बहुधा आहे तेथेच राहते. मुलाच्या शिक्षणाविषयी व उदरनिर्वाहाविषयी आईबापांना काय सांगावयाचे, हे या दोहोंतील निवडीवर अवलंबून असते. निवड करण्याचे प्रमुख साधन म्हणजे जालपटलाचा विद्युत् आलेख. मात्र तो वाचावयाचा तर त्यातील प्रत्येक तरंग कोणत्या कोशिकांपासून निघाला आणि कोणी त्यास आवरून धरले, हे ठाऊक असावे लागते.

आलेखाची घडण

प्रकाश पडताच डोळ्याच्या विद्युत् विभवात बदल होतो, हे स्वीडनमध्ये होल्मग्रेन याने १८६५ मध्ये बेडकाच्या डोळ्यावर दाखविले. स्कॉटलंडमध्ये ड्यूअर व मकेंड्रिक यांना १८७३ मध्ये तेच स्वतंत्रपणे आढळले. आज रुग्णाच्या नेत्रपृष्ठावर विद्युद्ग्र बसवून घेतला जाणारा आलेख तत्त्वतः तोच आहे. प्रकाशाच्या स्फुरणानंतर प्रथम रेषा खाली जाते, तो ‘ए’ तरंग. तदनंतर ती वेगाने वर चढते, तो ‘बी’ तरंग. त्या चढावावर चार-पाच लहान दातेरी हेलकावे दिसतात. त्यांस आंदोलन-विभव म्हणतात. पुष्कळ सावकाश येणारा ‘सी’ तरंग मुख्यतः जालपटलामागील रंजक थराचा असून येथे त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

ग्रॅनिट याने १९३३ मध्ये मांजराला ईथरची भूल क्रमाक्रमाने चढवून या आलेखाचे तीन घटक एकामागून एक नाहीसे होतात असे दाखविले. त्याचे महत्त्व केवळ वर्गीकरणापुरते नाही. दिसणारा तरंग हा विरुद्ध दिशांच्या विभवांची बेरीज-वजाबाकी आहे, हे त्यावरून प्रथमच स्पष्ट झाले. ‘बी’ तरंग काढून टाकला तर ‘ए’ तरंग थांबत नाही, उलट तो अधिक खोल जातो. कारण त्याला वर ओढणारे दुसरे विभव उरत नाही. ग्रॅनिटने खाली जाणाऱ्या घटकाचा संबंध निरोधनाशी जोडला होता. त्या घटकाचा उगम पुढे निराळाच ठरला. तरी आलेखाचे मर्म वजाबाकीत आहे, ही त्याची दृष्टी टिकली. हार्टलाइन व वॉल्ड यांच्यासमवेत १९६७ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

अंधारातील प्रवाह आणि कॅल्शियमचे द्वार

इंद्रियावर उद्दीपक पडला म्हणजे ग्राही कोशिका उत्तेजित होते, हा सामान्य नियम. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या डोळ्यात तो उलटा आहे. टोमिटा व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये कार्प माशाच्या एकेका शंकूत सूक्ष्म विद्युद्ग्र घालून पाहिले, तेव्हा प्रकाशाने शंकूचे विभव अधिक ऋण होते, म्हणजे त्याचे अतिध्रुवण होते, असे आढळले. अंधारात शलाकेच्या बाह्य खंडातून सोडियम व काही प्रमाणात कॅल्शियम आयन सतत आत येत असतात. हेगिन्स, पेन व योशिकामी यांनी १९७० मध्ये मोजलेला हा अंध:प्रवाह चक्रीय जीएमपी या द्रव्याने उघड्या ठेवलेल्या मार्गांतून वाहतो. प्रकाशाने या द्रव्याचे विघटन होते, मार्ग मिटतात, आणि उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास असलेले विभव उणे ७० कडे सरकते. आलेखातील ‘ए’ तरंगाचा आरंभ म्हणजे हा प्रवाह खंडित झाल्याची नोंद होय. ज्याला लोकव्यवहारात ‘प्रकाश डोळ्यात भरला’ असे म्हणतात, त्याची कोशिकेच्या पातळीवरील पहिली खूण म्हणजे चालू असलेली गोष्ट थांबणे.

ही वार्ता पुढे कशी जाते? शलाकेच्या दुसऱ्या टोकाशी, जेथे पुढील तंत्रिका कोशिकांशी तिचे अनुबंधन होते, तेथे कॅल्शियमचे विभवाधीन मार्ग असतात. अंधारातील उणे ४० मिलिव्होल्टला त्यांपैकी काही उघडे असतात. त्यातून कॅल्शियम आत येत राहते व त्यायोगे ग्लुटामेट हे प्रेषक द्रव्य अखंड पाझरत राहते. अतिध्रुवण झाले, की ही द्वारे मिटतात आणि पाझर कमी होतो. म्हणजे अंधारात प्रेषक द्रव्य अधिक व प्रकाशात कमी असा उफराटा व्यवहार येथे चालतो. एका प्रकाशकणाने शलाकेच्या विभवात पडणारा फरक सुमारे एका मिलिव्होल्टचा असतो. एवढ्याशा फरकाने द्रव्याच्या पाझरात जाणवण्याजोगा बदल व्हावा, यासाठी ते द्वार दोन गुणांचे हवे. अंधाराच्या विभवाजवळ ते तीव्रतेने उघडझाप करणारे असले पाहिजे, आणि तासन् तास उघडे राहूनही थकून आपोआप मिटणारे नसले पाहिजे. शरीरातील बहुतेक विभवाधीन कॅल्शियम-मार्ग उघडल्यानंतर काही काळाने निष्क्रिय होतात. जालपटलातील मार्गाची, ज्याला कॅव्ह १.४ असे नाव आहे, ही निष्क्रियता अत्यंत मंद असते.

हा मार्ग हृदय व रक्तवाहिन्यांतील ज्या मार्गांवर रक्तदाबाची निफेडिपिनसारखी औषधे कार्य करतात, त्यांच्याच कुळातील आहे. मग अशी गोळी घेणाऱ्या मनुष्यास रात्री दिसेनासे का होत नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात व तो रास्त आहे. कॅव्ह १.४ वर या औषधांचा परिणाम त्याच्या भावंडांच्या मानाने बराच कमी होतो, हे त्याचे निदान एक उत्तर होय.

प्रकाशग्राहीपासून निघालेली वार्ता द्विध्रुवी कोशिकांपाशी दोन वाटांनी फुटते. एका प्रकारच्या कोशिका ग्लुटामेटने उत्तेजित होतात. त्या अंधाराची वार्ता सांगतात. दुसऱ्या प्रकारच्या कोशिकांत ग्लुटामेटचा एमग्लूआर६ नावाचा ग्राही असून तो कोशिकेतील एक धनायन-मार्ग मिटवून ठेवतो. प्रकाशात ग्लुटामेट कमी झाले, की हे दडपण उठते, मार्ग उघडतो व कोशिकेचे विध्रुवण होते. उत्तेजनासाठी प्रसिद्ध असलेले ग्लुटामेट या एका जागी निरोधकाचे काम करते. स्लॉटर व मिलर यांनी १९८१ मध्ये या ग्राहीवर ग्लुटामेटप्रमाणेच कार्य करणारे एक द्रव्य वापरले. ते दिल्यावर प्रकाशाने उत्तेजित होणाऱ्या द्विध्रुवी कोशिका मूक झाल्या व आलेखातील ‘बी’ तरंगही नाहीसा झाला. ‘बी’ तरंग मुख्यत्वे या कोशिकांचा, हे मत त्यामुळे दृढ झाले. शलाकेच्या वाटेने येणारा ‘बी’ तरंग म्हणजे एक निरोधन उठण्याची नोंद आहे.

आता त्या मुलाचा आलेख पाहावा. शलाकांचा ऱ्हास होत असेल, तर मुळातच अंध:प्रवाह क्षीण झालेला असतो. ‘ए’ व ‘बी’ दोन्ही तरंग खुजे होतात, पुढे आलेख जवळजवळ सपाट होतो. जन्मजात स्थिर रातांधळेपणाच्या ज्या प्रकाराचे वर्णन शूबर्ट व बोर्नश्लाइन यांनी १९५२ मध्ये केले, त्यात प्रखर स्फुरणाला ‘ए’ तरंग नेहमीइतका खोल जातो. परंतु रेषा वर येऊन मूळ पातळी ओलांडीत नाही. यालाच ऋण आलेख म्हणतात. शलाका धडधाकट आहेत, प्रकाश टिपीत आहेत, पण त्यांचे म्हणणे पुढे पोचत नाही, असा त्याचा अर्थ. जपानमध्ये मियाके व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यात पूर्ण व अपूर्ण असे दोन भेद केले. अपूर्ण प्रकारातील दोष पुष्कळदा क्ष-गुणसूत्रावरील सीएसीएनए१एफ या जनुकात असतो, हे १९९८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. ते जनुक कॅव्ह १.४ याच कॅल्शियम-मार्गाचे प्रमुख प्रथिन घडविते. पूर्ण प्रकारात द्वार शाबूत असते. द्विध्रुवी कोशिकेच्या ग्राहीच्या किंवा त्यास जोडलेल्या धनायन-मार्गाच्या साखळीत कोठेतरी खंड पडलेला असतो.

दोन्ही प्रकारांत आलेख ऋणच असल्याने केवळ तेवढ्यावर विसंबून चालत नाही. कॅल्शियमचे द्वार शलाका व शंकू दोहोंत एकच असते. म्हणून अपूर्ण प्रकारात मंद प्रकाशातील शलाकांचा ‘बी’ तरंग लहान का होईना शिल्लक राहतो, पण लखलखत्या प्रकाशातील व जलद लुकलुकीला मिळणारे शंकूंचे प्रतिसाद मात्र लक्षणीय घटलेले आढळतात. अशा रुग्णाची मुख्य तक्रार कित्येकदा रात्रीची नसतेच. दिवसाची अधू दृष्टी, ऱ्हस्वदृष्टी वा डोळ्यांची थरथर हीच असते. रोगास ‘रातांधळेपण’ हे नाव पडले ते काहीसे दिशाभूल करणारे आहे, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

शेजाऱ्याचे दडपण

क्षैतिज कोशिकांचे कार्य याच द्वाराशी येऊन भिडते. अनेक शंकूंवर पसरलेल्या या कोशिका आजूबाजूच्या प्रकाशाची सरासरी घेतात व ती एकेका शंकूवर उलट लादतात. समुद्री नालखेकड्याच्या डोळ्यात एका नेत्रिकेवर प्रकाश पाडला असता शेजारच्या नेत्रिकेचे स्पंद मंदावतात, हे हार्टलाइन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मोजून दाखविले होते. कासवाच्या शंकूंवर क्षैतिज कोशिकांकडून असेच उलट दडपण येते, हे बेलर, फुऑर्टेस व ओब्रायन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले. हे दडपण कोठे पडते, याचे उत्तर फेरवेइ, कामरमान्स व स्पेक्रेइसे यांनी १९९६ मध्ये दिले. शंकूतील कॅल्शियम-मार्ग ज्या विभवाला उघडतो, ते विभवच क्षैतिज कोशिका सरकवितात. शंकूचे विभव फारसे न बदलता त्याचा पाझर मात्र बदलतो.

कोणत्या साधनाने, याविषयी मात्र मतभेद मिटलेले नाहीत. पुष्कळ प्राण्यांच्या क्षैतिज कोशिकांत गॅबा, म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक अम्ल, हे निरोधक द्रव्य सापडते. म्हणून प्रथम श्रेय त्यास दिले गेले. परंतु गॅबाचे ग्राही रोधूनही हे दडपण अनेक प्रयोगांत उरते. अनुबंधनाच्या चिंचोळ्या फटीतील विद्युत् विभवाचा उतार व तेथील आम्लतेचा बदल ही दोन अन्य स्पष्टीकरणे पुढे आली असून त्या प्रत्येकास भक्कम पुरावा आहे. एकाहून अधिक उपाय एकाच वेळी कार्यरत असण्याचा संभव सर्वांत अधिक वाटतो.

काजरा आणि काकमारी

जालपटलाच्या आतील थरात मात्र गॅबा व ग्लायसीन यांचे राज्य निर्विवाद आहे. तेथील अॅमाक्राइन कोशिकांपैकी दूरवर शाखा पसरणाऱ्या बहुतेक गॅबा वापरतात, आखूड शाखांच्या ग्लायसीन. दोन्ही द्रव्ये क्लोराइडचे मार्ग उघडतात. या द्रव्यांचे कार्य ओळखण्याची जी दोन जुनी साधने प्रयोगशाळांत आजही वापरात आहेत, त्यांचा उगम मराठी मुलखाला अपरिचित नाही. ग्लायसीनचे ग्राही रोधणारे स्ट्रिक्निन हे काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, पैशासारख्या चपट्या बियांत असते. हा वृक्ष कोकण-गोव्याच्या रानांत आढळतो. पेल्तिए व काव्हांतू यांनी १८१८ मध्ये ते याच वंशातील वनस्पतींतून वेगळे केले. गॅबाच्या क्लोराइड-मार्गात अडकणारे पिक्रोटॉक्सिन काकमारीच्या फळांतून १८१२ मध्ये बुले याने मिळविले. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील या वेलीच्या फळांनी मासे गुंगवून पकडण्याची रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात तीच फळे इंग्लंडमधील भेसळखोरांनी बिअरमध्येही वापरली. मराठवाड्यातील वाचकांना जवळचे उदाहरण एंडोसल्फानचे. पूर्वी देशभर कापसावर फवारले जात असलेले हे कीटकनाशक गॅबाच्या त्याच मार्गाला पिक्रोटॉक्सिनप्रमाणे रोधते, आणि विषबाधेत झटके येतात ते त्यामुळेच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली.

या विषांनी आलेखावर केलेले परिणाम वाचताना सावधगिरी हवी. पिक्रोटॉक्सिन गॅबाच्या एकाहून अधिक ग्राहींना रोधते, आणि ग्लायसीनच्या काही ग्राहींनाही सोडीत नाही. दुसरे गॅबाविरोधी द्रव्य बायकुक्युलिन हे गॅबा-ए ग्राहीपुरतेच चालते. परंतु द्विध्रुवी कोशिकांच्या टोकांवर त्याला न जुमानणारा आणखी एक गॅबा-ग्राही असतो. त्याचे जनुक १९९१ मध्ये मानवी जालपटलाच्याच संग्रहातून ओळखले गेले. त्याचे कार्य मंद पण दीर्घकाळ टिकणारे आहे. म्हणून ‘निरोधन काढले असता ‘बी’ तरंग वाढतो’ किंवा ‘घटतो’ असली सरसकट विधाने ग्रंथांत आढळली, तर कोणता प्राणी, कोणते द्रव्य व कितपत प्रकाश हे विचारल्याशिवाय ती स्वीकारू नयेत.

द्विध्रुवी कोशिकेच्या टोकावर गॅबाचा मारा झाला, म्हणजे क्लोराइडचे मार्ग उघडतात, टोकाचे विध्रुवण दडपले जाते, आणि तेथील कॅल्शियमची द्वारे मिटतात. मग ग्लुटामेटचा पाझर आटतो. बाहेरच्या थरात क्षैतिज कोशिका ज्या दारावर हात ठेवतात, तशाच दारावर आतील थरात अॅमाक्राइन कोशिका ठेवतात. शलाका-द्विध्रुवी कोशिकेपाशी तर हे चक्र अगदी आखूड असते. तिच्या टोकातून निघालेले ग्लुटामेट शेजारच्या अॅमाक्राइन शाखेला चेतविते, ती शाखा लगेच त्याच टोकावर गॅबा सोडते व पाझर आवरते. चेतवणे आणि आवरणे यांत अल्पसा विलंब असला, की आंदोलन उत्पन्न होते. ‘बी’ तरंगाच्या चढावावरील दातेरी हेलकाव्यांचे प्रचलित स्पष्टीकरण याच धर्तीचे आहे. उपरोक्त गॅबा-ग्राही नसलेल्या उंदरांत २००२ मध्ये शलाकांचे प्रतिसाद नेहमीसारखे, पण आंदोलन-विभव बदललेले आढळले. मधुमेहात डोळ्याच्या तळावर रक्तस्राव दिसण्यापूर्वीच हे हेलकावे मंदावतात वा उशिरा येतात, हे अनेक रुग्णांत नोंदले गेले आहे. तज्ज्ञाने ‘ए’ व ‘बी’ तरंगांची उंची मोजून आलेख बाजूला ठेवला, तर नेमकी हीच खूण निसटते.

निरोधन उणे पडल्याची ही उदाहरणे. ते अधिक झाल्याचे उदाहरण बालरोग-विभागातून मिळते. तान्ह्या मुलांत वारंवार अंग आवळून येणाऱ्या झटक्यांवर, विशेषतः कंदी काठिण्य या आनुवंशिक रोगात, व्हिगाबॅट्रिन हे औषध गुणकारी आहे. गॅबाचे विघटन करणाऱ्या विकराला ते कायमचे निकामी करते आणि मेंदूत गॅबाचा साठा वाढतो. जालपटलातही तो वाढतो. १९९७ मध्ये हे औषध घेणाऱ्या प्रौढ रुग्णांची दृष्टिकक्षा कडेकडून आकसल्याचे प्रथम प्रसिद्ध झाले. पुढील पाहणींत दीर्घकाळ औषध घेणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे एकतृतीयांशांत वा त्याहूनही अधिकांत हा दोष आढळला, आणि औषध थांबविल्यावर तो बहुधा भरून येत नाही. प्रौढास पडद्यावरील ठिपका दिसतो की नाही हे विचारता येते. सहा महिन्यांच्या मुलास विचारता येत नाही. त्याच्या बाबतीत विद्युत् आलेखाचाच आधार घ्यावा लागतो, व त्यातही लुकलुकत्या प्रकाशाला शंकूंकडून मिळणाऱ्या प्रतिसादाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. औषध सुरू करण्यापूर्वीचा आलेख जवळ असेल, तरच नंतरची घट औषधाने झाली की आधीचीच होती हे ठरते. झटके थांबविणे तातडीचे असल्यामुळे तो पहिला आलेख घेण्यास अनेकदा अवसर नसतो. अशा वेळी औषधाची मुदत शक्य तितकी आखूड ठेवणे आणि पहिल्या काही आठवड्यांत जमेल तेव्हा तो आलेख घेणे, एवढाच मार्ग उरतो.